बिरयानी कुणासाठी शिजवली, यावर गुन्हा ठरतो का? ‘घर बंदूक बिरयानी’ गडचिरोलीतून पाहताना

ढाब्यावर बिरयानी करणारा एक तरुण. त्याला लग्न करायचंय, पण पहिला प्रश्न येतो, घर कुठाय? दुसरीकडे जंगलात बंदुका घेऊन वावरणारी टोळी आणि तिचा म्होरक्या. तिसरीकडे त्या टोळीच्या मागावर असलेला तापट पोलीस अधिकारी. या तिघांची गाठ घालून देते ती बिरयानीची हंडी. ७ एप्रिल २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘घर बंदूक बिरयानी’ या मराठी सिनेमाची गोष्ट थोडक्यात ही अशी. हेमंत अवताडे यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला सिनेमा. आचारी राजूच्या भूमिकेत आकाश ठोसर, त्याला आवडणाऱ्या लक्ष्मीच्या भूमिकेत सायली पाटील, टोळीचा म्होरक्या पल्लम म्हणजे सयाजी शिंदे आणि पोलीस अधिकारी राया पाटील म्हणजे नागराज मंजुळे.

सिनेमातलं कोलागड तुम्हाला नकाशावर सापडणार नाही. पण दाट जंगल, पल्लम हे नाव, बंदुकीसोबत जगणारी माणसं आणि बदली होऊन आलेला साहेब एवढं पाहिल्यावर चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला कुठला मुलूख आठवायचा, हे वेगळं सांगायला नको.

सिनेमा येऊन काही वर्षं झाली. मग त्याच्यावर आत्ता का लिहायचं? कारण मधल्या काळात गडचिरोली बदलली. १ जानेवारी २०२५ रोजी ताराक्कानं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्र ठेवलं. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा पती, माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीतच आत्मसमर्पण केलं. केंद्र सरकारनं नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली होती. बंदुका खाली ठेवल्या गेल्या की मागून कॅमेरे येतात. चंबळमध्ये तेच झालं, काश्मीरमध्ये तेच झालं. आता पाळी दंडकारण्याची आहे. येणाऱ्या सिनेमांचा नायक कोण असेल याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही. एक तर वर्दीतला, नाही तर वर्दी टाकून आलेला.

‘घर बंदूक बिरयानी’नं मात्र या दोघांच्या मध्ये आचारी उभा केला. सिनेमा म्हणून तो मला पूर्ण पटलेला नाही, पण ही एक गोष्ट त्यानं बरोबर ओळखली. या मुलखातली खरी अडचण बंदूक घेतलेल्या माणसाची जेवढी आहे, त्याहून जास्त त्याला जेवण वाढणाऱ्याची आहे.

काळा विनोद म्हणजे नेमकं काय?

ज्या गोष्टीवर हसू नये असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं, म्हणजे मरण, खून, प्रेत, भूक, भीती, त्याच गोष्टीवर हसायला लावणारा विनोद म्हणजे काळा विनोद. साध्या विनोदी सिनेमात माणूस केळीच्या सालीवरून घसरतो आणि उठून कपडे झटकतो. काळ्या विनोदात तो घसरतो, मरतो, आणि मग प्रेत कुणी उचलायचं यावरून भांडण सुरू होतं. आपल्याकडचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९८३ चं ‘जाने भी दो यारों’. एका प्रेताला घेऊन चाललेली ती पळापळ आणि महाभारताच्या नाटकातला गोंधळ आजही मोबाइलवर फिरत असतो. हसून झाल्यावर शेवट आठवतो आणि तोंडाची चव जाते.

हॉटेल, ढाबा, खानावळ ही जागा अशा विनोदाला फार मानवते. का? कारण तिथं सगळे येतात. पोलीस येतो, चोर येतो, लग्न जमवायला आलेली मंडळी येतात, ज्याचं लग्न मोडलंय तोही येतो. वाढणारा सगळ्यांचं ऐकतो आणि त्याच्याकडे कुणी पाहत नाही. श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ हा २०१८ चा सिनेमा पुण्यात घडतो. त्यातला आंधळा म्हणवणारा पियानोवादक एका रेस्टॉरंटमध्ये वाजवतो, तिथल्या मालकाच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि तिथंच ओळख झालेल्या एका गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन खुनात अडकतो. या सिनेमात लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या सखूच्या भूमिकेत छाया कदम आहेत. गरिबाला दया दाखवायची, ही हिंदी सिनेमाची जुनी सवय. राघवन ती मोडतात. सखू पैशासाठी नायकाला विकायला निघते आणि आपण तिच्यावर रागावतही नाही.

महेश मांजरेकरांचा १९९९ चा ‘वास्तव’ आठवा. रघू आणि त्याचे मित्र पावभाजीची गाडी लावतात. गाडीवर आलेल्या गिऱ्हाइकांशी बाचाबाची होते, मारामारीत एक जण मरतो आणि पावभाजीवाला टोळीयुद्धात ओढला जातो. तो सिनेमा विनोदी नाही. पण बीज तेच, की जेवण देणारा माणूस गुन्ह्यापासून एका बाचाबाचीच्या अंतरावर असतो.

‘घर बंदूक बिरयानी’कडे या दोन्हींपेक्षा चांगलं बीज होतं. ज्याच्या हातची चव हीच त्याची कमाई, त्याच चवीमुळे त्याचा जीव धोक्यात येतो! यापेक्षा काळा विनोद कुठला? पण सिनेमाला दर थोड्या वेळानं हाणामारीची हौस येते. राया पाटील दणकट आहे, त्याचा राग खरा वाटतो, तरी मारामारी इतकी लांबते की हंडीखालची आच विझते. पल्लमचं प्रकरण उलट आहे. सयाजी शिंदे यांनी हा माणूस असा उभा केलाय की त्याची भीतीही वाटते आणि त्याच्या खवय्येगिरीचं हसूही येतं. सिनेमा त्याच्या आणि राजूच्या मधोमध थांबला असता तर मराठीतल्या चांगल्या काळ्या विनोदी सिनेमांत त्याचं नाव घेतलं गेलं असतं, असं माझं मत आहे.

घराचा मुद्दा मात्र त्यांनी अजिबात हलका केला नाही. चंद्रपूर ते मूल, मूल ते गडचिरोली, पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली या रस्त्यावरच्या कुठल्याही ढाब्यावर थांबा. भट्टीवरचा माणूस, टेबल पुसणारा पोरगा, भांडी घासणारी बाई यातले बरेच जण झोपतातही तिथंच. कायद्याच्या नजरेत हे लोक जवळपास नाहीतच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणाला नोंदणीची गरज नव्हती, नुसती सूचना दिली की भागायचं. २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला. वीस माणसं ठेवणारा ढाबा आपल्या भागात तुम्ही पाहिलाय का? मग हजेरी नाही, पगारपत्रक नाही, बँक कर्ज देत नाही, घर होत नाही आणि घर नाही म्हणून मुलगी नाही. राजूची प्रेमकथा ही मुळात कागदपत्रांची कथा आहे.

एक ताट भात आणि कायदा

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. बंदूक घेतलेल्या माणसाला जेवण शिजवून दिलं, तर शिजवणारा गुन्हेगार ठरतो का?

आपल्या फौजदारी कायद्यात ‘आश्रय देणे’ असा शब्द आहे. वाचताना वाटतं, आश्रय म्हणजे घरात लपवणं. पण कायद्यानं त्याची व्याख्या केलेली आहे आणि ती बरीच रुंद आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतही होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. या व्याख्येत निवारा येतो, अन्न येतं, पेय येतं, पैसे, कपडे, शस्त्रं, दारूगोळा आणि प्रवासाचं साधनही येतं. म्हणजे बिरयानीची प्लेट आणि बंदुकीची गोळी एकाच वाक्यात, एकाच रांगेत बसलेली आहेत. ‘घर बंदूक बिरयानी’ हे नाव ठेवताना कुणी ही व्याख्या वाचली होती की नाही ठाऊक नाही, पण तिचं इतकं अचूक मराठी भाषांतर दुसरं होणार नाही.

अर्थात नुसतं जेवण दिलं म्हणून कुणी लगेच गुन्हेगार होत नाही. समोरचा माणूस गुन्हेगार आहे हे देणाऱ्याला माहीत असावं लागतं किंवा तसं मानायला सबळ कारण असावं लागतं, आणि त्याला शिक्षेपासून वाचवण्याचा हेतू असावा लागतो. ढाबेवाल्यानं गल्ल्यावर पैसे घेऊन ताट वाढलं तर त्याचा हेतू पोट भरण्याचा, आपलंही आणि त्याचंही. बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा, म्हणजेच यूएपीए, याहून कडक आहे. त्याच्या कलम १९ नुसार समोरचा दहशतवादी आहे हे माहीत असून स्वेच्छेनं आश्रय दिला तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. इथं सगळा खेळ ‘स्वेच्छेनं’ या एका शब्दावर आहे.

मी इंजिनीअरिंग शिकलो, त्यामुळे कलमं वाचताना मला इफ-एल्स दिसायला लागतं. इनपुट एकच, एक ताट भात. कोण जेवला, देणाऱ्याला काय माहीत होतं, त्यानं मनानं दिलं की भीतीनं, यावर आउटपुट बदलतं. घरी जा, साक्षीदार हो, नाही तर जन्मठेप. प्रोग्रॅममध्ये अशी अट लिहिली तर ती तपासायला काही तरी डेटा लागतो. जंगलातल्या गावात रात्री अकरा वाजता दार ठोठावलं गेलं, तेव्हा घरातल्या बाईच्या मनात काय होतं, याचा डेटा कुठून आणायचा?

भीतीनं केलेल्या गोष्टीला कायदा सूट देतो. न्याय संहितेचं कलम ३२ तेच सांगतं, जुन्या दंड संहितेत ते कलम ९४ होतं. जिवाच्या धमकीनं कुणाकडून काही करून घेतलं तर तो गुन्हा नाही. खून आणि राज्याविरुद्धचे मृत्युदंडाचे गुन्हे यांना ही सूट नाही. या कलमाला १८६० पासून एक उदाहरण जोडलेलं आहे. दरोडेखोरांच्या टोळीनं एका लोहाराला पकडलं, जिवाची धमकी देऊन त्याला हत्यारं घ्यायला लावली आणि एका घराचं दार फोडायला लावलं. त्या लोहाराला या कलमाचा फायदा मिळतो. लोहाराच्या जागी आचारी ठेवा, घणाच्या जागी झारा, आणि दाराच्या जागी हंडी. सिनेमाची अर्धी पटकथा दीडशे वर्षांपूर्वीच कायद्यात लिहून ठेवलेली आहे.

पण मेख पुढे आहे. कलम म्हणतं, धमकी ‘तत्काळ’ मृत्यूची हवी. बंदूक आत्ता, इथं, छातीवर हवी. गडचिरोलीतल्या गावाची भीती कधीच आत्ताची नव्हती. रात्री आलेले पाचपन्नास जण भात मागायचे, तेव्हा कुणाच्या छातीवर बंदूक लावायची गरज पडत नसे. नाही म्हटलं तर उद्या काय होईल हे सगळ्यांना माहीत असायचं. खबऱ्या असल्याचा ठपका ठेवून मारलेल्या माणसांची गावं इथं एकदोन नाहीत. आणि हो म्हटलं तर परवा पोलीस येऊन विचारायचे, किती जण होते, किती भात शिजवला, का शिजवला. भीती उद्याची होती, कायद्याला मात्र आत्ताची हवी होती. आदिवासी बाईनं हे अंतर न्यायालयात वकिलाच्या भाषेत कसं समजावून सांगायचं?

पोलिसांची बाजू नाही असं नाही. ज्यांनी खरोखर मनापासून मदत केली, शहरातून औषधं, तारा, बॅटऱ्या पुरवल्या, तेही पकडल्यावर ‘भीतीपोटी’ असंच सांगतात. तपास करणाऱ्याला दोघांतला फरक करावाच लागतो आणि त्या फरकात चूक झाली तर त्याचे सहकारी मरतात. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ झालेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस गेले. त्यांच्यासोबत त्या खासगी गाडीचा चालकही गेला. १५ हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. सोळावा माणूस भाड्यानं गाडी चालवणारा होता. आचारी, चालक, भांडी घासणारा, निरोप्या. दोन्ही बाजूंना यांची गरज असते आणि दोन्ही बाजूंच्या यादीत यांची नावं शेवटी येतात.

याच कायद्यात प्रेमासाठी एक खिडकी ठेवलेली आहे, हे वाचून मला खरंच हसू आलं. गुन्हेगाराला आश्रय देण्याच्या कलमातून पती-पत्नीला वगळलं आहे. नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला लपवलं, खाऊ घातलं तर हे कलम लागत नाही. यूएपीएच्या कलम १९ मध्येसुद्धा ही सूट आहे. म्हणजे एखाद्या फरार माणसाला त्याच्या आईनं भाकरी दिली तर प्रश्न, भावानं दिली तर प्रश्न, प्रेयसीनं दिली तर प्रश्न. बायकोनं दिली तर नाही. लग्नाचं प्रमाणपत्र हा इथं अक्षरशः जामीन आहे. एवढ्या एका तरतुदीवर अडीच तासांचा सिनेमा निघेल. कुणी लिहीत असेल तर श्रेयनामावलीत नाव नको, फक्त एक प्लेट पाठवा.

चौथा शब्द, बाटली

गडचिरोलीत हाच सिनेमा काढला असता तर नावात चौथा शब्द आला असता. या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामागे अभय आणि राणी बंग यांच्यासह अनेकांनी गावागावांत उभं केलेलं आंदोलन होतं. शेजारच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली. त्यासाठी ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारनं बायकांना घेऊन चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी मोर्चा नेला होता. मग रमानाथ झा समिती आली, अहवाल आला आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं चंद्रपूरची बंदी उठवली.

त्या सहा वर्षांत जिल्ह्यातल्या हॉटेलांत आणि ढाब्यांवर काय घडलं, हे इथं राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. परमिट रूमच्या पाट्या उतरल्या, वेटर घरी बसले. काही जण नागपूर-पुण्याला गेले. काही जण मात्र त्याच गिऱ्हाइकाला तीच बाटली तिप्पट भावात पोहोचवू लागले, फक्त आता ट्रेमधून नाही तर दुचाकीच्या डिकीतून. काल ज्या कामाला टिप मिळायची, आज त्याच कामाला हातकडी. यात विनोद आहेच. बिहारमध्ये २०१७ साली जप्त केलेली दारू उंदरांनी पिऊन टाकली असं पोलिसांनी सांगितलं, तेव्हा अख्खा देश हसला होता. आणि महाराष्ट्रात बंदी नसलेल्या जिल्ह्यातसुद्धा दारू प्यायला कायद्यानं परवाना लागतो. विदेशी दारूचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, देशीचा दोन रुपयांचा. तुमच्यापैकी किती जणांनी तो घेतलाय, ते मनातल्या मनात सांगा.

पण नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड तालुक्यात दारू घेऊन जाणारी गाडी अडवायला गेलेल्या पोलीस उपनिरीक्षकाच्या अंगावर तस्करांनी ती गाडी घातली आणि ते गेले. उंदरांवर हसणारा सिनेमा इथं पोहोचला की त्याचं काय होतं, ही काळ्या विनोदाची खरी परीक्षा. जो सिनेमा हा प्रसंग गाळून नुसती डिकीतल्या बाटलीची गंमत दाखवेल, तो खोटा. आणि ज्या बायका चिमूरहून चालत गेल्या, त्यांना चिडचिड्या सुधारक म्हणून दाखवेल, तो तर त्याहून खोटा. दारुड्या नवऱ्याचा मार हा विषय ‘डार्लिंग्ज’ या २०२२ च्या हिंदी सिनेमानं काळ्या विनोदातूनच मांडला. त्यातली आई आणि मुलगी जेवणाचे डबे करण्याचा धंदा उभा करायला बघतात आणि त्याच घरात नवऱ्याला बांधून ठेवतात. त्यात हसू मार खाणाऱ्या बाईचं येत नाही, हे दिग्दर्शक जसमीत रीन यांनी सांभाळलं.

जंगलातलं प्रेम

सिनेमात राजू आणि लक्ष्मीच्या मध्ये घर नाही एवढीच भिंत आहे. खऱ्या दंडकारण्यात बंदूक घेतलेल्यांची प्रेमप्रकरणं होती आणि त्यांची भिंत वेगळी होती. आत्मसमर्पण केलेल्या अनेकांनी वेळोवेळी सांगितलं आहे की दलममध्ये लग्नाला परवानगी मिळायची, पण मुलाला आधी नसबंदी करून घ्यावी लागायची. मूल झालं की जोडपं चळवळ सोडतं, हा त्यामागचा हिशेब. शरण आल्यावर त्यातल्या काहींनी नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यांना मुलं झाली. नवं जग उभारायला निघालेल्या संघटनेला आपल्याच पोरांच्या पाळण्याची भीती वाटत होती. हे विनोदी आहे की भयंकर, मला ठरवता येत नाही. चांगल्या लेखकाच्या हातात पडलं तर दोन्ही एकाच दृश्यात येईल.

मुंबई-पुण्याचा लेखक हे लिहू शकेल का? लिहू शकतो. अमित मसुरकर यांच्या ‘न्यूटन’नं २०१७ मध्ये ते करून दाखवलं. छत्तीसगडच्या जंगलातल्या ७६ मतदारांसाठी मतदान घ्यायला निघालेला एक सरळमार्गी कारकून, त्याला कंटाळलेला सुरक्षा दलाचा अधिकारी आणि या दोघांपेक्षा जास्त समज असलेली स्थानिक शिक्षिका मालको. अंजली पाटील यांनी ती भूमिका केली होती. त्या सिनेमात गावकरी मूर्ख नाहीत, भोळेही नाहीत. त्यांना फक्त या दोन्ही पाहुण्यांचं काम लवकर उरकायला हवंय. ‘घर बंदूक बिरयानी’त असा मालको नाही, ही त्याची मोठी उणीव. कोलागडच्या जंगलाला स्वतःचा आवाज नाही, तिथं बाहेरून आलेलेच बोलतात.

पण मला वाटतं, हे लिहिणारे आधीच इथं आहेत. दिवाळी झाली, धानाची कापणी उरकली की देसाईगंज-वडसा भागातल्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि होळीपर्यंत झाडीपट्टी रंगभूमी रात्रभर जागते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत घरी पाहुणे बोलावून नाटक पाहिलं जातं. या नाटकांत सासूच्या छळानं रडवणारा प्रवेश संपतो न संपतो तोच विनोदी नट येतो आणि मंडपातली तीच माणसं ओल्या डोळ्यांनी पोट धरून हसतात. शहरातल्या समीक्षकाला हे ढोबळ वाटतं. मला तर काळ्या विनोदाचं प्रेक्षक-प्रशिक्षण यापेक्षा चांगलं कुठं होत असेल असं वाटत नाही. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीतल्या एखाद्या लेखकाला कुणी निर्मात्यानं बोलावून विचारलं पाहिजे, की बाबा, भात मागायला आलेल्यांची गोष्ट तू कशी सांगशील? दारूबंदीतल्या वेटरची कशी सांगशील? भाषा तुझी, शेवटही तुझाच.

आणि हे सगळं कल्पनेतलं वाटत असेल तर इंद्रावतीपलीकडे बघा. नोव्हेंबर २०२५ मध्ये बस्तरच्या जगदलपुरात ‘पंडुम कॅफे’ सुरू झाला. पंडुम म्हणजे सण. छत्तीसगडचे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी त्याचं उद्घाटन केलं. तिथं शरण आलेले माओवादी काम करतात आणि माओवादी हिंसेत पोळलेल्या घरांतली माणसंही काम करतात. एकाच काउंटरमागे, एकाच भट्टीवर. एकानं कॉफी करायची, दुसऱ्यानं ती टेबलावर न्यायची.

यावर हसायचं की गप्प बसायचं? माझ्या ओळखीतल्या एकानं पहिल्यांदा ही बातमी वाचून फक्त एवढंच विचारलं, “गल्ल्यावर कोण बसतं?” प्रश्न गमतीचा होता, पण तोच बरोबर होता. पैशाचा हिशेब कुणाकडे, सुट्टी कुणाला आधी, रात्री कुलूप लावायचं कुणी, भांडण झालं तर मागचं काढायचं की नाही. आणि समजा त्या दोन बाजूंच्या दोघांचं एकमेकांवर मन बसलं, तर मुलीच्या घरचे पहिला प्रश्न घराचाच विचारतील की दुसरा काही? गडचिरोलीतही शरण आलेल्यांना कामं मिळायला लागली आहेत. उद्या आष्टीच्या किंवा आलापल्लीच्या रस्त्यावर त्यांचा ढाबा निघाला तर मेन्यूत बिरयानी असणारच, सिरोंच्याच्या वाटेनं ती इथं केव्हाच आली आहे. तिथं जेवायला बसणाऱ्यांत तो गावकरीही असेल, ज्यानं कधी रात्री अकराला उठून याच माणसांना भात वाढला होता. या वेळी ताट समोरून येईल आणि बिल त्याला द्यायचं असेल.